पसरणारी रानफुले बागेत लावताना आणि हलवताना

बागेत हौसेने लावलेले रानफुलाचे एखादे रोप दोन-तीन वर्षांनी शेजारच्या वाफ्यात उगवलेले दिसते, तेव्हा त्याचे बी वाऱ्याने तिकडे गेले असावे असा आपला पहिला अंदाज असतो. पुष्कळदा तो चुकतो. उगवलेला कोंब हलक्या हाताने उकरून पाहिला, तर त्याच्या बुडाशी पांढरे किंवा तांबूस, आडवे गेलेले एक बारीक खोड सापडते आणि त्याचा माग काढत गेल्यास ते मूळच्या रोपापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणजे ते नवे रोप नसतेच, जुन्याच रोपाने जमिनीखालून केलेला तो विस्तार असतो. रोप कधी हलवावे, गड्डा कोठे कापावा, हलवलेले रोप मान का टाकते, उपटलेले रोप पुन्हा का उगवते, हे बहुवर्षायू रानफुलांच्या बाबतीत नेहमी पडणारे प्रश्न बहुतांशी या विस्ताराशी जोडलेले आहेत. म्हणून खत आणि पाणी यांच्याही आधी, आपले रोप कोणत्या तऱ्हेने पसरते हे ओळखून घ्यावे, असे माझे मत आहे.

बहुवर्षायू वनस्पती अनेक वर्षे जगते, पण तिचा जमिनीवरचा भाग बहुधा वर्षभर टिकत नाही. थंड प्रदेशात हिवाळा आला की आणि उष्ण प्रदेशात कोरडा ऋतू लागला की पाने आणि खोडे वाळून जातात, जमिनीखालचा भाग तेवढा जिवंत राहतो. पाने हिरवी असताना तयार झालेले अन्न पिष्टाच्या रूपात या भागात साठलेले असते. अनुकूल ऋतू येताच त्या साठ्यावर नवे कोंब वर येतात आणि पाने स्वतःचे अन्न तयार करू लागेपर्यंत रोप त्या साठ्यावरच जगते. रोप हलवण्याची वेळ याच साठ्यावरून ठरते, हे पुढे येईलच.

पसरण्याच्या तऱ्हा

सर्वांत परिचित तऱ्हा म्हणजे जमिनीखालून आडवे वाढणारे खोड. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्याला मूलक्षोड म्हणतात. बागकाम करणारे त्याला गड्डाच म्हणतात. हळद आणि कर्दळ यांचे गड्डे जाड व आखूड असतात, तर बी बाम, गोल्डनरॉड, यारो यांसारख्या रानफुलांची मूलक्षोडे बारीक व लांब असतात. ती मुळांसारखी दिसली तरी खोडेच असतात, कारण त्यांच्यावर पेरी असतात, प्रत्येक पेऱ्यापाशी खवल्यासारखे एक पान आणि त्या पानाच्या बगलेत एक डोळा असतो. मुळावर असे पेरे कधीही नसते. हा फरक ओळखता येणे फार उपयोगाचे आहे, कारण डोळा असलेला मूलक्षोडाचा तुकडा हेच आपले बेणे असते. डोळा नसलेला तुकडा कितीही जाड दिसला तरी बहुधा कुजून जातो.

दुसरी तऱ्हा जमिनीवरून धावणाऱ्या खोडांची. रानस्ट्रॉबेरी आणि सरपटणारे बटरकप यांच्यात ती दिसते. असे खोड मातीला टेकले की पेऱ्यापाशी मुळे धरतात, वर पाने येतात आणि एक पुरे रोप तयार होते. हलवण्यासाठी याहून सोपी रोपे नाहीत. लेकराला चांगली मुळे आली की आईशी जोडणारा दोर कापायचा आणि मातीच्या गोळ्यासह ते उचलायचे.

तिसरी तऱ्हा थोडी फसवी आहे. फायरवीड आणि जपानी ॲनिमोनी यांच्या थेट मुळांवरच कोंब फुटू शकतात. येथे पेरी आणि डोळे शोधण्यात अर्थ नाही, कारण मुळाचा लहानसा तुकडाही रोप होऊ शकतो. नको झालेले जपानी ॲनिमोनी मोठा खड्डा करून काढून टाकावे आणि पुढच्या हंगामात त्याच खड्ड्याच्या कडेने अनेक कोंब वर यावेत, हा अनुभव त्यामुळेच येतो. खणताना तुटून राहिलेल्या प्रत्येक मुळाने आपापले रोप उभे केलेले असते.

याशिवाय बी आहेच, आणि काही फुले दोन्ही मार्ग वापरतात. फायरवीड मुळांनी पसरते आणि एका रोपाला सुमारे 80,000 कापूसधारी बियाही येऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या जागांवर ते इतक्या लवकर उगवले, याचे कारण या उडणाऱ्या बियांमध्ये आहे. व्हायोलेटची गंमत आणखी वेगळी आहे. त्याची देखणी जांभळी फुले संपून गेल्यावर पानांच्या खाली, मातीलगत, कधीही न उमलणाऱ्या कळ्या येतात. त्यांच्यात स्वपरागण होऊन भरपूर बी तयार होते. फुले खुडली म्हणजे व्हायोलेटचे बी पडणार नाही, असे समजणाऱ्याला या झाकलेल्या कळ्या चकवतात.

पसरण्याच्या वेगाकडे पाहिले तर वनस्पतिशास्त्रज्ञ या रोपांचे दोन गट मानतात. काही रोपांची मूलक्षोडे आखूड असतात आणि ती खांद्याला खांदा लावून दाट फळी करत हळूहळू पुढे सरकतात. अनेक ॲस्टर आणि रुडबेकियाच्या काही जाती अशा आहेत. दुसऱ्या गटातील रोपे लांब मूलक्षोडे दूरवर पाठवतात, मधली जागा मोकळी सोडतात आणि अनपेक्षित ठिकाणी डोके वर काढतात. या तऱ्हेला शास्त्रज्ञ गनिमी वाढ म्हणतात. साधे मिल्कवीड या गटात मोडते. फळी करणारे रोप वाफ्याच्या मध्यभागीही निर्धास्त लावता येते, कारण त्याची कड दिसत असते आणि दर वर्षी ती छाटता येते. गनिमी रोपाला मात्र पहिल्या दिवसापासून कुंपण किंवा स्वतंत्र जागा हवी.

जमिनीखालच्या खोडाबद्दल आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. वाढत्या मूलक्षोडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते मागच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा शाबूत असेपर्यंत मूलक्षोड लांब वाढत राहते, फांद्या कमी फोडते. शेंडा कापला गेला की मागचे डोळे जागे होतात आणि एकाऐवजी अनेक कोंब येतात. आपण रोप वाढवत असू तेव्हा हा गुण आपल्या बाजूने असतो, पण तेच रोप नको असेल आणि आपण कुदळीने ती जागा खणून काढली किंवा यंत्राने माती फिरवली, तर आपणच त्याचे शेकडो तुकडे करून प्रत्येक तुकड्यातील डोळा जागा केलेला असतो. नको असलेले पसरट रोप फावड्याने तोडू नये, माती भुसभुशीत करून ते हाताने सलग ओढून काढावे, असे सांगतात ते यासाठीच.

कोणते रोप आणि कोठे

पसरणे हा अवगुण नव्हे. उतारावरची माती धरून ठेवायची असेल, झाडाखालची उघडी जमीन झाकायची असेल, मधमाश्या आणि फुलपाखरे यांच्यासाठी एकाच फुलाचा मोठा पट्टा हवा असेल, तर पसरणारे रोपच लागते. एकेकटी राहणारी रोपे तेथे पुरी पडत नाहीत. वाईट असते ती चुकीची जागा. वीतभर रुंदीच्या वाफ्यात गोल्डनरॉड लावणाऱ्याला दोन वर्षांत ते नकोसे होते आणि कुंपणालगतच्या मोकळ्या पट्ट्यात तेच रोप वर्षानुवर्षे शोभा देते. (गोल्डनरॉडमुळे शिंका येतात हा समज मात्र चुकीचा आहे. त्याचे पराग जड आणि चिकट असतात व कीटक ते वाहून नेतात. त्याच काळात फुलणाऱ्या रॅगवीडचे हलके पराग हवेत उडतात आणि दोष दिसणाऱ्या पिवळ्या फुलावर येतो.)

तरीही एक सीमा आहे. आपल्या प्रदेशात मुळात नसलेले आणि जोमाने पसरणारे रोप बागेत आणण्याआधी त्याचा इतिहास पाहिला पाहिजे. जपानी नॉटवीड हे रोप जर्मन वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप फॉन सीबोल्ड यांनी जपानहून युरोपात आणले आणि 1847 मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या कृषी व उद्यान संस्थेने शोभेची वनस्पती म्हणून त्याला सुवर्णपदकही दिले. पुढे ते बागांमधून निसटून नदीकाठांवर आणि रेल्वेमार्गांच्या कडेने पसरले. ब्रिटनमध्ये पसरलेली जवळजवळ सर्व रोपे एकाच मादी रोपाच्या तुकड्यांपासून झालेली आहेत, म्हणजे बियांच्या मदतीवाचून, केवळ मूलक्षोडांच्या जोरावर ते देशभर गेले. त्याच्या मूलक्षोडाचा एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचा तुकडा नवे रोप उभे करू शकतो. पर्पल लूसस्ट्राइफची कथा उलट बाजूची आहे. उत्तर अमेरिकेच्या पाणथळ जागा व्यापणाऱ्या या फुलाचे एक मोठे रोप वर्षाला वीस लाखांहून अधिक बिया टाकू शकते. घाणेरी आणि वेडेलिया हीसुद्धा शोभेसाठी जगभर नेली गेलेली आणि नंतर आवरेनाशी झालेली रोपे होत. ही चारही नावे जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या प्रसिद्ध यादीत आहेत. स्थानिक रानफुले निवडावीत असा जो आग्रह धरला जातो, त्यामागे भावनेपेक्षा हा हिशेब अधिक आहे: स्थानिक रोपाला खाणारे कीटक, त्याला ग्रासणारे रोग आणि त्याच्याशी स्पर्धा करणारी गवते त्याच जागी असतात, त्यामुळे त्याच्या पसरण्याला आपोआप आवर बसतो.

रानातून रोप उपटून आणणे मात्र टाळावे. ज्या जमिनीवर बांधकाम ठरलेले आहे तेथून मालकाच्या परवानगीने रोपे वाचवून आणणे वेगळे. एरवी रानातील रोप आणल्याने तेथील एक जागा रिकामी होते आणि पुष्कळदा आणलेले रोपही जगत नाही. जमिनीत वाढणाऱ्या ऑर्किडांचे उदाहरण घ्यावे. त्यांची मुळे मातीतील ठरावीक बुरशीच्या साहाय्याने पोषण मिळवतात आणि ती बुरशी बागेच्या मातीत नसते. ट्रिलियम या जंगलात वाढणाऱ्या रानफुलाला बियांपासून पहिले फूल येण्यास सात किंवा त्याहून अधिक वर्षे लागू शकतात. असे रोप एका खुरप्याने उचलले तर रानाचे नुकसान किती वर्षांचे होते, हे यावरून कळेल.

मातीबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती फार सुपीक करू नये. बहुतेक रानफुले उघड्या माळावर, हलक्या जमिनीत वाढलेली असतात. भरपूर शेणखत किंवा नत्रयुक्त खत दिले तर बी बाम, यारो, गोल्डनरॉड उंच आणि लुसलुशीत वाढतात, पहिल्या मोठ्या पावसात आडवे होतात आणि फुलांपेक्षा पानेच जास्त देतात. निचरा चांगला असावा, ऊन जातीच्या गरजेप्रमाणे असावे आणि सावलीत वाढणाऱ्या रानफुलांना तेवढे पानखत द्यावे, कारण जंगलाच्या जमिनीवर त्यांना तेच मिळत असते.

हलवण्याची वेळ आणि कृती

रोप हलवले की ते मान का टाकते, याचे उत्तर मुळांच्या टोकांजवळ असलेल्या मूलरोमांत आहे. पाणी शोषण्याचे मुख्य काम हे सूक्ष्म, केसांसारखे अवयव करतात. ते इतके नाजूक असतात की रोप कितीही जपून उपसले तरी त्यांतील बहुतेक तुटतात आणि मातीच्या कणांना चिकटून मागे राहतात. पाने मात्र पूर्वीइतकीच असतात आणि पूर्वीच्याच वेगाने पाणी हवेत सोडत असतात. आवक घटली आणि जावक तीच राहिली, म्हणून रोप कोमेजते. येथे पाणी कितीही ओतले तरी ते शोषणारे अवयव नव्याने तयार होईपर्यंत रोपाला त्याचा पुरता लाभ घेता येत नाही, आणि चिखल झालेल्या मातीत हवा न मिळाल्याने उरलीसुरली मुळेही कुजतात. हलवलेले रोप पाण्याअभावी मरते त्यापेक्षा काळजीपोटी दिलेल्या अति पाण्याने मरण्याची उदाहरणे कमी नाहीत.

यावरून वेळेचा नियम सहज काढता येतो. पाने कमीत कमी असतील, जमिनीखालचा साठा भरलेला असेल आणि पुढे काही आठवडे मुळांना वाढण्याजोगे ऊबदार व ओलसर दिवस असतील, अशी वेळ साधावी. थंड प्रदेशात अशा दोन वेळा येतात. एक वसंताच्या आरंभी, कोंब दोन-तीन इंच वर आलेले असताना. दुसरी शरद ऋतूत, जमीन गोठण्याच्या किमान चार ते सहा आठवडे आधी. यांतील कोणती निवडावी हे फुलण्याच्या काळावरून ठरवावे. वसंतात फुलणारी रोपे फुले संपल्यावर किंवा शरदात हलवावीत आणि शरदात फुलणारी रोपे वसंतात, म्हणजे फुलण्याच्या ऐन तयारीत त्यांना धक्का बसत नाही. जेथे पाऊस ठरावीक महिन्यांतच पडतो तेथे पहिल्या चांगल्या पावसानंतर, गड्ड्यांचे डोळे नुकते फुगू लागलेले असतानाचा काळ उत्तम असतो. फुलांनी बहरलेले रोप भर उन्हाळ्यात हलवणे कोठेही हिताचे नाही. नाइलाजच असेल तर फुले आणि कळ्या आधी कापून टाकाव्यात.

आदल्या दिवशी रोपाला पुरेसे पाणी द्यावे आणि मातीला वाफसा आला की खणायला घ्यावे. कोरडी माती गोळ्यापासून सुटून पडते आणि चिखल झालेली माती मुळांसकट ओढली जाते. नवा खड्डा आधीच तयार ठेवावा, कारण उघड्यावर पडलेली मुळे उन्हात व वाऱ्यात थोड्या वेळातच सुकतात. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडावी. मग रोपाच्या घेराबाहेर चार-सहा इंच जागा सोडून गोलाकार काप घ्यावा, फावडे खाली तिरके सारून गड्डा वर उचलावा आणि सैल माती झटकून त्याची रचना नीट पाहावी. जुने लाकडासारखे मधले भाग आणि कडेचे ताजे, फिकट, डोळ्यांनी भरलेले भाग आता स्पष्ट दिसतात. बी बामसारख्या रोपात मधला भाग दोन-तीन वर्षांत विरळ होत जातो, कारण सगळी वाढ बाहेरच्या दिशेने चाललेली असते. तो भाग टाकून द्यावा. कडेच्या भागातून तीन ते पाच डोळे आणि चांगली तंतुमुळे असलेले तुकडे धारदार सुरीने कापावेत. तुकडे फार लहान केल्यास रोपांची संख्या वाढते खरी, पण प्रत्येकाचा साठा तुटपुंजा पडतो आणि फुलांसाठी वर्षभर अधिक थांबावे लागते.

वरचा पाला एक तृतीयांश ते निम्मा छाटावा, म्हणजे वर सांगितलेली आवक-जावक पुन्हा जुळते. छाटलेले रोप काही दिवस ओकेबोके दिसते, पण न छाटलेल्यापेक्षा ते लवकर सावरते. नव्या खड्ड्यात रोप पूर्वी होते त्याच खोलीवर बसवावे. खोड आणि मूळ जेथे मिळतात ती जागा मातीत गाडली गेली तर तेथे कूज लागते आणि ती उघडी राहिली तर कोंब सुकतात. लांब मूलक्षोडाचे तुकडे असतील तर ते आडवे, दोन इंच खोल ठेवून डोळे वरच्या बाजूला येतील असे पाहावे. माती तळहाताने दाबून आतली पोकळी काढावी, आळे करून एकदा भरपूर पाणी द्यावे, पालापाचोळ्याचे आच्छादन खोडापासून थोडे दूर पसरावे आणि आठवडाभर दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. त्यानंतर बोट मातीत घालून पाहावे आणि वरचा इंचभर थर कोरडा लागल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. नवी पालवी दिसू लागली की मूलरोम कामाला लागले असे समजावे. लगेच खत देण्याचा मोह मात्र आवरावा.

प्रत्येक रोप असे विभागता येत नाही. नारिंगी फुलांचे फुलपाखरी मिल्कवीड, लुपिन आणि बॅप्टिसिया यांना खोल जाणारे सोटमूळ असते. ते तुटले की मोठे रोप सहसा सावरत नाही. यांची जागा पहिल्यांदाच विचार करून ठरवावी. हलवायचीच असतील तर बियांपासून आलेली चार-सहा पानांची पोरसवदा रोपे हलवावीत. कोलंबाइनचेही तसेच आहे. जुने रोप उपटण्यापेक्षा त्याच्या भोवती आपोआप उगवलेली लहान रोपे उचलणे केव्हाही बरे.

रोपे हाताळताना हातमोजे घालावेत. मिल्कवीडचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. लिली ऑफ द व्हॅली आणि कळलावी यांचे सर्व भाग विषारी आहेत. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे घातक द्रव्य असते. घरात लहान मुले किंवा पाळीव जनावरे असतील तर अशा रोपांचे कापलेले गड्डे उघड्यावर ठेवू नयेत.

बियांपासून सुरुवात

बियांचा मार्ग स्वस्त आहे आणि संथही. थंड प्रदेशातील अनेक रानफुलांचे बी पिकल्याबरोबर पेरले तरी उगवत नाही, कारण हिवाळ्याच्या तोंडावर कोवळे रोप उगवले तर ते मरेल. त्यासाठी बियांत एक अडसर असतो आणि काही आठवडे ओलसर थंडी सोसल्याशिवाय तो निघत नाही. घरी हे काम साधण्यासाठी बी ओलसर वाळूत मिसळून, पिशवीत बंद करून, 1 ते 5 अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. फुलपाखरी मिल्कवीडला साधारण 30 दिवस पुरतात, इतर कित्येकांना 60 ते 90 दिवस लागतात. वाळू ओलसर हवी, तिच्यातून पाणी निथळता कामा नये. ज्यांच्याकडे खरा हिवाळा आहे त्यांनी शरदाच्या शेवटी बी थेट जमिनीवर टाकले तरी थंडी हे काम करते. बारीक बी मातीत पुरू नये, नुसते दाबून बसवावे. पुष्कळ बारीक बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो आणि खोलवरून वर येण्याइतके अन्नही त्यांच्यात नसते.

पेरण्यापूर्वी जमीन खोल नांगरण्याची किंवा खणण्याची सवय येथे घातक ठरते. मातीत तणांचे बी वर्षानुवर्षे सुप्त पडलेले असते आणि खणल्याने ते उजेडात येते. किती वर्षे, याचा एक नोंदवलेला दाखला आहे. अमेरिकेतील मिशिगन येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी 1879 मध्ये काही जातींचे बी बाटल्यांत भरून जमिनीत पुरून ठेवले आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरण्याचा प्रयोग सुरू केला. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतील व्हर्बास्कम या तणाचे बी 142 वर्षांनंतरही उगवले. म्हणून जुन्या गवताची जागा पुठ्ठ्याने आणि आच्छादनाने एक हंगाम झाकून, गवत जागच्या जागी मारून, माती न उलटता त्यावर पेरणी करणे अधिक शहाणपणाचे आहे.

बियांपासून आलेले बहुवर्षायू रोप पहिल्या वर्षी जमिनीवर फारसे काही दाखवत नाही, कारण त्याची मिळकत मुळांत चाललेली असते. दुसऱ्या वर्षी ते रुंदावते आणि बहुतेकदा तिसऱ्या वर्षी भरभरून फुलते. पहिल्याच हंगामात कंटाळून ते उपटणारे पुष्कळ आहेत. या पहिल्या वर्षात कोवळी तणे आणि कोवळी रानफुले ओळखता येणे हीच खरी अडचण असते. ती टाळायची असेल तर थोडे बी नाव लिहून कुंडीत वेगळे पेरावे, म्हणजे वाफ्यातील रोपांशी पाने ताडून पाहता येतात.

येथे बियांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूलक्षोडाच्या तुकड्यांपासून वाढवलेली सगळी रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात. गोल्डनरॉड आणि साधे मिल्कवीड यांसारख्या अनेक रानफुलांना स्वतःच्याच परागांनी बी धरत नाही. मित्राकडून आणलेल्या एकाच गड्ड्यापासून संपूर्ण पट्टा भरला तर फुले दाट येतात, कीटकही येतात, पण बी मात्र पोकळ राहते किंवा धरतच नाही. पक्ष्यांसाठी बी हवे असेल किंवा पुढे वाटायचे असेल, तर दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणची रोपे किंवा बियांपासून आलेली काही रोपे त्या पट्ट्यात मिसळावीत. उलट, बी पडून पसारा वाढू नये अशी इच्छा असेल तर एकाच गड्ड्याची रोपे लावणे हाच त्यावरचा सोपा उपाय होतो.

आवर घालणे

मूलक्षोडे जमिनीच्या वरच्या चार ते सहा इंचांत धावत असतील तर त्यांना अडवणे सोपे असते. बी बाम आणि पुदिन्याच्या कुळातील इतर फुलांसाठी बूड कापलेली मोठी बादली किंवा कुंडी जमिनीत पुरून तिच्यात रोप लावावे. कड मातीच्या वर एक-दोन इंच राहिली पाहिजे, नाहीतर मूलक्षोड आच्छादनातून कडेवरून पलीकडे जाते. मोठ्या पट्ट्यासाठी जाड प्लास्टिकची किंवा पत्र्याची पट्टी फूटभर खोल उभी पुरतात. साध्या मिल्कवीडसारख्या खोल जाणाऱ्या रोपाला एवढी पट्टी पुरत नाही. त्याच्यासाठी भोवती नेहमी कापले जाणारे गवत ठेवणे अधिक परिणामकारक ठरते, कारण वर आलेला प्रत्येक कोंब गवताबरोबर कापला जातो आणि पुन्हा पुन्हा कोंब काढण्यात त्या बाजूचा साठा रिता होतो.

माझी पसंती मात्र कुंपणापेक्षा शेजाराला आहे. जोमदार रोप नाजूक रोपांत लावले की ते त्यांना दडपते. तेच उंच गवतांत आणि तितक्याच दमदार फुलांत लावले की मुळांच्या गर्दीत त्याला वेग मिळत नाही. रानात त्याला रोखून धरते ते हेच. याच्या जोडीला वर्षातून दोनदा पट्ट्याच्या कडेने फावडे सरळ खाली मारत जावे आणि बाहेर पडलेले तुकडे त्याच दिवशी ओढून काढावेत. हे काम दरवर्षी थोडे केले तर हलके असते आणि तीन वर्षे टाळले तर दिवसभराचे होते.

निघालेले जादा गड्डे कोणाला द्यायचे असतील तर माती पूर्ण धुऊन, उघड्या मुळांनिशी द्यावेत. मातीच्या गोळ्यातून लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीचे तुकडे दुसऱ्याच्या बागेत जातात. उत्तर अमेरिकेत तर जमिनीचा पोत बिघडवणारी आशियाई गांडुळे आणि त्यांची अंडी रोपांसोबतच्या मातीतून पसरत असल्याने तेथील बागकाम मंडळे मुळे धुऊनच रोपांची देवाणघेवाण करण्यास सांगतात. रोपासोबत त्याचे नाव आणि ते कोणत्या तऱ्हेने पसरते हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. जे कोणालाच नको असतील ते गड्डे ओढ्याकाठी, माळावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, कारण साध्या खड्ड्यात डोळे मरण्याइतकी उष्णता बहुधा तयार होत नाही. फरशीवर पसरून ते कडक उन्हात वाळवावेत किंवा काळ्या पिशवीत बंद करून उन्हात ठेवावेत, आणि हाताने मोडल्यावर कट्‌कन तुटू लागेपर्यंत तेथेच राहू द्यावेत.